डोंगर उदास असतो का? फ्रीडरिशच्या 'वाट्समान' चित्रातले रंग आणि वृत्ती



आज आपण एकच चित्र पाहणार आहोत. सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत सिद्धान्त फार होतात आणि चित्रं कमी, अशी तुमच्यापैकी काहींची तक्रार असते. ती रास्त आहे. तेव्हा आज चित्र समोर ठेवू आणि सिद्धान्त लागेल तेवढाच आणू.

चित्राचं नाव 'वाट्समान'. चित्रकार काश्पार डाव्हिड फ्रीडरिश. जन्म १७७४, मृत्यू १८४०. आयुष्याचा बराच काळ ड्रेस्डेनमध्ये गेला. हे तैलचित्र १८२४-२५ मधलं, सुमारे १७० सेंटिमीटर रुंद. आज ते बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगालेरी या संग्रहालयात आहे. वाट्समान हा आल्प्समधला खराखुरा डोंगर, बव्हेरियात बेर्ख्टेसगाडेनजवळ. उंची २७१३ मीटर.

आधी चित्रात काय आहे ते सांगू, अर्थाकडे नंतर जाऊ. अगदी पुढे उताराची जमीन आहे. गवत, दगड, खुरटी झाडं. तिथले रंग तांबूस तपकिरी, गेरूसारखे, शेवाळी हिरवे. त्यात दगडांचा एक ठळक उंचवटा. त्यामागे डोंगराच्या काळपट सोंडा दोन्ही बाजूंनी उतरत येतात, आणि तिथे तपकिरी रंग मंद होत होत करडा, जांभळट होतो. या सगळ्याच्या वर, मध्यभागी, हिमशिखर. पांढरं, स्वच्छ, कडा रेखीव. मागे फिकं निळं आकाश. चित्रात माणूस नाही, जनावर नाही, झोपडी नाही. फ्रीडरिशचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलं असेल, धुक्याच्या समुद्राकडे बघत उभा असलेला पाठमोरा प्रवासी. इथे पाठमोरंसुद्धा कोणी नाही.

आता प्रश्न. या चित्राची वृत्ती कोणती? आणि ती येते कुठून?

इथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. आम्ही हे चित्र वर्गात बरीच वर्षं दाखवत असू. एका जुन्या पुस्तकातला छापील पट होता, कागद पिवळा पडलेला. आणि आम्ही दरवर्षी ठरलेलं वाक्य बोलत असू, की या चित्रात एकाकीपणाची उदास वृत्ती आहे. मुलं ते लिहून घेत. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, एकाकी कोण? तिथं तर कोणीच नाही." वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न काही गेला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मूळ चित्रासमोर उभं राहण्याचा योग आला, तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की आम्ही ज्याला संध्याकाळची उदासी म्हणत होतो, तिचा निम्मा भाग त्या जुन्या कागदाच्या पिवळेपणाचा होता. चित्रात तर लख्ख उजेड आहे.

म्हणून तुम्हांलाही सावध करतो. तुम्ही हे चित्र फोनवर किंवा संगणकावर पाहत असाल. प्रत्येक पडद्यावर निळा वेगळा दिसेल, तपकिरी वेगळा. त्यामुळे अमुक रंगाची नेमकी छटा कोणती, यावर आज आपण काही बांधणार नाही. रंगांचे आपसांतले संबंध मात्र बऱ्याच अंशी टिकतात. खालचं उबदार आहे आणि वरचं थंड आहे, खालचं गडद आहे आणि वरचं उजळ आहे, हे वाईट पडद्यावरही दिसतं. आपला सगळा युक्तिवाद त्या संबंधांवर उभा राहील.

चित्राची वृत्ती सांगण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत, आणि दोन्हींवरून आम्ही स्वतः चाललो आहोत. पहिली वाट म्हणजे रंगांचा शब्दकोश. निळा म्हणजे विषाद, पांढरा म्हणजे पावित्र्य, तपकिरी म्हणजे ऐहिक जीवन. काही अभ्यासक या चित्रातलं हिमशिखर म्हणजे ईश्वराचं ऐश्वर्य आणि पुढची जमीन म्हणजे मर्त्य माणसाचं जग, असं सरळ लावतात. आपल्याकडेही असा कोश आहेच. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना रंग नेमून दिले आहेत: शृंगाराला श्याम, करुणाला कपोतवर्ण म्हणजे पारव्यासारखा करडा, रौद्राला लाल, अद्भुताला पिवळा. रंगभूमीवर अशा संकेताचा उपयोग होतो. पात्र आत आलं की प्रेक्षकाला दिशा मिळते. पण त्याच भरतानं रसाची निष्पत्ती सांगताना 'संयोग' हा शब्द वापरला आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या एकत्र येण्यातून रस निघतो, सुट्या घटकातून नाही. हा विचार रंगालाही लावून पाहायला हरकत नसावी.

सुटा रंग काही बोलत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना तत्त्वज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. साडीच्या दुकानात तोच मोरपिशी रंग लाल काठाबरोबर एक दिसतो आणि जांभळ्या काठाबरोबर दुसरा. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचं काम पाहणारे शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नात पडले होते. काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार होती. तपासलं तर सुताचा रंग ठीक होता, शेजारचे रंग त्याला पाडत होते. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे फ्रीडरिशनं हे चित्र केलं त्यानंतर सुमारे १४ वर्षांनी. पण चित्रकाराच्या हाताला नियम आधी कळतो आणि ग्रंथ मागून येतो.

आता एक प्रयोग करा. व्याख्यान थांबवा, चित्र मोठं करा आणि तळहातानं खालचा अर्धा भाग झाका. काय राहिलं? एक बर्फाचं शिखर आणि आकाश. सुंदर आहे, पण दिनदर्शिकेवर असतं तसं. आता उलट करा, वरचा भाग झाका. खाली राहिलं ते एक निवांत माळरान, ऊन लागलेलं, कुठेही बसावं असं. उदासी ना वरच्या अर्ध्यात आहे, ना खालच्या. हात काढा. आता काहीतरी घडतं. खालची ऊब वरच्या पांढऱ्याला थंड करते, आणि वरचा थंडपणा खालच्या तपकिरी रंगाला अधिक मातकट, अधिक आपला करतो. वृत्ती या दोहोंच्या मध्ये आहे.

त्या मधल्या जागेकडे जरा नीट पाहू. डोंगर रंगवण्याची जुनी रीत अशी, की वस्तू जितकी दूर तितकी ती फिकी, निळसर आणि धूसर. लिओनार्दोनं याबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यामुळे डोळा पायरी पायरीनं आत जातो. हिरवा, मग निळसर हिरवा, मग निळा, मग आकाश. प्रत्येक पायरीवर पाय ठेवायला जागा असते. फ्रीडरिश पहिल्या दोन पायऱ्या देतो. तपकिरीचा करडा होतो, करड्याचा जांभळट. आपण म्हणतो, आता निळा येईल. आणि तिथे पायरी काढून घेतलेली आहे. जे सगळ्यांत दूर, तेच सगळ्यांत उजळ आणि रेखीव.

यात निसर्गाविरुद्ध काही नाही, हेही लक्षात घ्या. गटेनं १८१० मध्ये रंगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दूरचे डोंगर निळे दिसतात, पण बर्फाचे डोंगर फार लांबूनही पांढरेच दिसतात, हे त्यानं त्यात नोंदवलं आहे. त्याचं प्रकाशाविषयीचं भौतिकशास्त्र पुढे टिकलं नाही, पण हे निरीक्षण टिकलं. हिमालय लांबून पाहिलेल्या कोणालाही ते पटेल. तेव्हा फ्रीडरिशनं खोटं काही रंगवलेलं नाही. निसर्गातल्या एका खऱ्या गोष्टीचा त्यानं उपयोग करून घेतला.

इथे मराठी सौंदर्यविचारातली एक परिभाषा कामाला येते. मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. पुढचा दगडांचा उंचवटा पाहा आणि मग शिखर पाहा. दोघांचा आकार एकाच कुळातला आहे, खाली रुंद, वर निमुळता. म्हणजे आकारात संवाद. रंगात मात्र विरोध. आकार म्हणतो, आपण एकच. रंग म्हणतो, नाही, मध्ये अंतर आहे. एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि आपला डोळा त्या दोहोंत ये-जा करत राहतो. मर्ढेकरांचं बोट आपण इथपर्यंत धरू.

पुढे मात्र सोडावं लागेल. चित्रात महत्त्व संवेदनांच्या रचनेला आहे, तो आकार डोंगराचा आहे की आणखी कशाचा, हे सौंदर्याच्या दृष्टीनं गौण आहे, असा त्यांचा आग्रह होता. समजा, हेच रंग आणि हेच आकार कुणी नुसते त्रिकोण म्हणून मांडले. विरोध राहील, संवादही राहील. पण 'तिथवर जाता येणार नाही' ही जाणीव राहील का? ती जाणीव होण्यासाठी समोर डोंगर आहे हे कळावं लागतं, आणि आपल्याला पाय आहेत, डोंगर चढताना दम लागतो, हेही माहीत असावं लागतं. रंगांमधलं अंतर इथे चालण्याचं अंतर होतं. या चित्रातली वृत्ती रंगानं घडते, पण डोंगराच्या रंगानं घडते.

मग वृत्ती डोंगराचीच म्हणायची का? तपासून पाहता येतं, कारण योगायोगानं त्याच डोंगराचं, जवळजवळ त्याच वेळचं दुसरं चित्र आहे. लुडविग रिश्टर हा ड्रेस्डेनचाच तरुण चित्रकार. त्यानं १८२४ साली 'वाट्समान' रंगवला, वयाच्या एकविसाव्या वर्षी. ते चित्र म्युनिकच्या नॉये पिनाकोथेकमध्ये आहे. चित्र उभं आहे, फ्रीडरिशचं आडवं. त्यात खाली खळाळतं पाणी, मग दाट झाडी, माणसांच्या वस्तीच्या खुणा, आणि अगदी वर हिमशिखर. डोळा पाण्यापासून निघतो, झाडीतून वर सरकतो आणि न अडखळता बर्फापर्यंत पोचतो. प्रत्येक टप्प्यावर रंग पुढच्या टप्प्याची ओळख करून देतो. शिखर भव्य आहे, पण ते त्या गावाचं शिखर आहे. डोंगर तोच, बर्फ तोच आणि वृत्ती संपूर्ण वेगळी. म्हणजे वृत्ती डोंगराच्या मालकीची नाही.

आता दुसरी सोपी वाट, चरित्राची. इथे एक गोष्ट सांगतो, आणि सांगताना जरा संकोच वाटतो, कारण ती ऐकल्यावर चित्र पहिल्यासारखं दिसणार नाही. फ्रीडरिशनं वाट्समान कधी पाहिलाच नव्हता. तो आल्प्सला गेलाच नाही. मग शिखर आलं कुठून? त्याचा एक शिष्य होता, आउगुस्ट हाइनरिश. त्यानं तिथे जाऊन डोंगराचा जलरंगातला अभ्यास केला होता. हा हाइनरिश १८२२ मध्ये, तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा, इटलीच्या वाटेवर इन्सब्रुकला वारला. दोन-तीन वर्षांनी गुरूनं त्या शिष्याच्या अभ्यासावरून हे मोठं चित्र केलं. आणि पुढचा खडक? तो आल्प्समधला नाही. १८११ साली फ्रीडरिश हार्ट्झच्या डोंगरात फिरला होता, त्या वेळच्या रेखाटनावरून तो घेतलेला आहे. म्हणजे खालचं स्वतः पाहिलेलं, आणि वरचं गेलेल्या शिष्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

काय झालं पाहा. एका क्षणात ते पांढरं शिखर मृत्यू झालं, शिष्य झाला, शोक झाला. आमचंही तसंच होतं. पण आपण समीक्षा करायला बसलो आहोत. गोष्ट खरी आहे, म्हणून तिचा अर्थ चित्रात आहे असं सिद्ध होत नाही. फ्रीडरिशनं हे शोकातून केलं असेल, रिश्टरच्या चित्राला उत्तर म्हणून केलं असेल, दोन्ही असेल. पण मघाचा हाताचा प्रयोग तुम्ही ही गोष्ट ऐकण्यापूर्वी केला होता, आणि तेव्हाच अंतर दिसलं होतं. गोष्टीनं ते अंतर निर्माण केलं नाही. तिनं त्या अंतरात बसवायला एक भावना दिली, इतकंच. दुसऱ्या कोणाला तिथे दुसरी भावना बसवता येईल.

हे 'इतकंच' महत्त्वाचं आहे. वृत्ती आणि भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज आम्हांला सांगायचं आहे.

जर्मन भाषेत वृत्तीला 'श्टिमुंग' म्हणतात. 'श्टिमे' म्हणजे आवाज, आणि 'श्टिमुंग' म्हणजे मुळात वाद्य जुळवणं, सुरात लावणं. फ्रीडरिशचा मित्र कार्ल गुस्ताफ कारुस हा वैद्य, विचारवंत आणि चित्रकारही. निसर्गचित्रणावरची त्याची पत्रं १८३१ मध्ये पुस्तकरूपानं आली. निसर्गचित्राचं काम काय, तर अंतःकरणातली एक श्टिमुंग निसर्गातल्या तिच्या जुळत्या श्टिमुंगेमधून दाखवणं, अशी त्याची भूमिका होती. विचार मोलाचा आहे. पण त्यात आधी आत काहीतरी असतं आणि मग बाहेर त्याची जोडी शोधली जाते. म्हणजे पुन्हा चित्रकाराचं मन आलंच. शब्दाचा जुना अर्थ त्याहून अधिक उपयोगाचा आहे असं आम्हांला वाटतं, आणि तो आपल्याला चांगला कळतो, कारण आपल्याकडे तंबोरा आहे.

मैफल सुरू होण्याआधी तंबोरा लागतो, तेव्हा काय होतं? अजून राग नाही, शब्द नाहीत. तंबोरा दुःखी नसतो, आनंदीही नसतो. पण जुळणी झाली की काही गोष्टी शक्य होतात आणि काही अशक्य. मालकंस गायचा असेल तर पहिली तार पंचमाला लावून चालत नाही, कारण त्या रागात पंचम वर्ज्य आहे. ती मध्यमाला लावतात. तंबोरा मालकंस गात नाही. तो मालकंसाला जागा करून देतो.

चित्रातली वृत्ती अशी असते. रिश्टरच्या चित्राची जुळणी एक आहे. त्यात घरची ओढ येईल, आनंद येईल, भक्तीसुद्धा येईल. फ्रीडरिशच्या चित्राची जुळणी दुसरी. त्यात शोक येईल, आदर येईल, तळमळ येईल, एखाद्याला खोल शांतताही येईल. पण 'चला, वर जाऊन येऊ' हा उत्साह त्यात बसणार नाही. तो बेसूर होईल. म्हणून वृत्ती पाहणाऱ्याच्या मनावर सोपवता येत नाही. तुमची भावना तुमची, पण कोणती भावना त्या चित्रासमोर सुरात आहे आणि कोणती नाही, हे रंगांनी ठरवलेलं असतं. त्यावर वाद घालता येतो, बोट ठेवून दाखवता येतं. समीक्षेला काही काम उरतं ते यामुळेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाला इतक्या वर्षांनी उत्तर देता येईल. एकाकी कोण? कोणीच नाही. चित्र एकाकी नाही, डोंगर तर नाहीच. रंगांनी अशी जुळणी केली आहे, की समोर उभा राहणारा जर एकाकी असेल तर त्याचा सूर तिथे लागेल. आम्ही वर्गात त्या एका सुराला संपूर्ण चित्र म्हणत होतो. चूक आमची होती.

ही चूक केवळ वर्गातली नाही, म्हणून एवढा वेळ घेतला. आता सत्तरी ओलांडल्यावर पांढरं शिखर समोर आलं की पैलतीरच दिसू लागतो. गुडघे चढू देत नाहीत, बरोबरीचे एकेक करून जात आहेत. मन म्हणतं, हे चित्र आपल्यासाठीच काढलं आहे. असं म्हणण्यात दिलासा आहे, आणि तो घेऊ नये असं आम्ही कोणाला सांगणार नाही. पण त्या क्षणी आपण चित्र पाहणं थांबवलेलं असतं. आपण स्वतःलाच पाहत असतो, चित्राच्या चौकटीत. आणि ज्या चित्राची सगळी रचनाच दूर असलेल्याला दूर ठेवण्याची आहे, त्यालाच आपण उशाशी आणून ठेवतो. हा त्या पांढऱ्या रंगावर अन्याय आहे. तो जवळ आला की साधा रंग होतो.

कोणी म्हणेल, सर, मग माणसानं चित्रासमोर कोरडं उभं राहायचं का? नाही. भावना येऊ द्या, तिला अडवू नका. फक्त ती आल्यावर पुन्हा एकदा खालच्या गेरूकडे पाहा, मग मधल्या करड्याकडे, मग पांढऱ्याकडे, आणि विचारा: ही भावना या जुळणीत बसते का? बसली तर चित्रानं तुम्हांला काही दिलं. नाही बसली तरी दिलंच. ती तुमचीच होती, एवढं तरी कळलं.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा. 'वाट्समान' पाच मिनिटं, घड्याळ लावून, एकटे बसून पाहा. नंतर रिश्टरचं चित्र पाच मिनिटं. दोन्हींतले रंग आपल्या शब्दांत लिहून काढा, पण भावनेचा एकही शब्द वापरू नका. नुसतं कोणता रंग कोणाच्या शेजारी आहे, आणि डोळा कुठे थांबतो, एवढंच. आम्हीही पुन्हा लिहून काढणार आहोत. मागच्या खेपेला पांढऱ्याच्या सावलीत थोडा गुलाबी दिसला होता, तो खरोखर आहे की शेजारच्या रंगानं दाखवला, याचा निकाल अजून लागलेला नाही.

इथे थांबू.